रुंद रस्त्याच्या कडेला

संध्याकाळी सातच्या सुमाराला छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटकडून गुलमंडीत शिरले की आपल्या चालीने चालणे संपते. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या, पायऱ्यांपुढे लावलेल्या दुचाक्या, त्यांच्यापुढे क्लिपा, रुमाल आणि मोबाइलची कव्हरे मांडलेल्या हातगाड्या. मधे जी पट्टी उरते तिच्यातून रिक्षा, मालाचे टेम्पो आणि गिऱ्हाइके, सगळ्यांनीच जायचे. साडीच्या दुकानातून बाहेर पडलेली बाई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलाचे बोट धरून रस्त्याच्या मधोमध चालते, कारण कडेला पाय ठेवायला जागा नसते. मागून हॉर्न वाजला की ती हातगाडीला खेटून उभी राहते. गाडीवाला झटकन माल आत ओढतो, रिक्षा निघून जाते, आणि पुन्हा सगळे जिथल्या तिथे.

या पट्टीवर प्रत्येकाचा हक्क आहे आणि प्रत्येकाची तक्रारही. दुकानदार म्हणतो, पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक प्रोझोन मॉलला जाते किंवा घरबसल्या मोबाइलवरून मागवते. हातगाडीवाला म्हणतो, गर्दी इथेच आहे, मग दुसरीकडे जाऊन पोट कसे भरणार? पायी चालणारा काहीच म्हणत नाही, तो हळूहळू यायचा बंद होतो. बाजाराचे खरे नुकसान होते ते इथेच. छत्रपती संभाजीनगरात गेल्या सातआठ वर्षांत रस्ते, नदी, दरवाजे आणि चौक यांच्यावर बरेच काम झाले, बरेच पैसे खर्च झाले, बरेच बुलडोझरही फिरले. त्यातले काय टिकले आणि काय विरून गेले, हे पाहिले तर या शहरालाच नव्हे, महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाढत्या शहराला उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

मुळात हे शहर बेशिस्तीतून उगवलेले नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली तेव्हा त्याने आधी पाण्याचा विचार केला. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून गावात आणणारी नहर-ए-अंबरी हे त्या काळातले सार्वजनिक काम होते. मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांपर्यंत ते पाणी येत असे. पुढे १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने गावाला आपले नाव दिले, नंतर तटबंदी उभी राहिली. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून त्याची ओळख झाली. रंगारगल्ली, सराफा, कासारी बाजार, दाणाबाजार, जाधवमंडी, कुंभारवाडा असे एकेका धंद्याचे एकेक ठिकाण होते. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि शहर दोन शतके जवळजवळ थांबल्यासारखे झाले. रस्ते त्या काळच्या रुंदीचेच राहिले. बैलगाडी आणि टांगा यांना ती रुंदी पुरत होती.

मग चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून माणसे कामाला आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख भरली. ही माणसे राहणार कुठे? सिडकोने एन-१ पासून पुढे आखीव वसाहती बांधल्या. त्यांत बागा आहेत, शाळांसाठी राखीव जागा आहेत, कॅनॉट प्लेससारखा मधे हिरवळ असलेला व्यापारी चौकही आहे. सिडकोत घर परवडणारे त्यात सामावले. बाकीच्यांनी शेतजमिनीचे एकदोन गुंठे घेतले आणि घर बांधले. यालाच गुंठेवारी म्हणतात. २००१ मध्ये राज्याने त्यासाठी कायदा केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट दिली. घर नियमित झाले, पण घरापुढचा रस्ता, त्याच्या कडेची नाली, फुटपाथ आणि मुलांना खेळायचे मैदान कागदावर कुठे नव्हतेच. आज शहरात रस्त्यावरून जे भांडण दिसते त्याचे मूळ इथे आहे. माणसे मुद्दाम रस्ता अडवत नाहीत. जिथे सार्वजनिक म्हणून काही आखलेलेच नाही तिथे ओटा पुढे येतो, मग पत्र्याची शेड, मग शटर.

या शहरात रस्ता नव्याने आखून पाहण्याचा एक चांगला प्रयोग झाला आहे. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने शहरांपुढे एक स्पर्धा ठेवली. कल्पना अशी की रस्त्याचे काँक्रीट फोडण्याआधी रंगाचे पट्टे आणि तात्पुरते खांब लावून नवी आखणी काही दिवस करून बघायची, लोकांचे ऐकायचे आणि मग पक्के बांधकाम करायचे. इथल्या स्मार्ट सिटी कंपनीने क्रांती चौक ते गोपाल टी हा रस्ता निवडला. जानेवारी २०२२ मध्ये देशातल्या विजेत्या अकरा शहरांत पुणे, नागपूर, पिंपरी-चिंचवड यांच्याबरोबर या शहराचेही नाव होते.

निवड विचारपूर्वक होती. क्रांती चौक म्हणजे पूर्वीचा काळा चबुतरा. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना इथे देहदंड दिला गेला. आज इथे शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनावरण झालेला हा पुतळा चौथऱ्यासह बावन्न फूट उंच आहे. मोर्चा असो, जयंती असो की क्रिकेटचा विजय, शहर इथे जमते. अशा चौकातून निघणाऱ्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला मान मिळाला तर तो साऱ्या शहराला दिसतो.

प्रयोगाचे खरे मोल पहिल्या काही आठवड्यांत कळते. तात्पुरता खांब लावला की लगेच समजते की इथे शाळेची रिक्षा थांबते, तिथे दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना उतरायला जागा लागते, पलीकडच्या दुकानाचा माल सकाळी नऊला उतरतो. नकाशावर यातले काही नसते. पण तात्पुरते खांब तुटतात, रंग सहा महिन्यांत पुसट होतो, आणि पक्के काम लगेच हाती घेतले नाही तर त्या पट्टीवर पुन्हा गाड्या लागतात. बक्षीस एकदाच मिळते, रस्ता मात्र रोज राखावा लागतो. त्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळी रक्कम हवी, आणि बहुतेक शहरांचे घोडे इथेच अडते.

पुण्याने वेगळी युक्ती केली. तिथे ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवतात. व्यापाऱ्यांची पहिली भीती असते की गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. एक दिवस रस्ता बंद ठेवून ही भीती निदान तपासता तरी येते. गुलमंडी ते औरंगपुरा या पट्ट्यात असाच महिन्यातला एखादा रविवार ठरवून पाहायला काय हरकत आहे? जाफर गेटला रविवारचा आठवडी बाजार वर्षानुवर्षे भरतो. सहा दिवस एक रूप आणि सातव्या दिवशी दुसरे, ही सवय या शहराला नवी नाही.

सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र घडली ती रस्त्यावर नव्हे, नदीवर.

खाम नदी जटवाड्याच्या डोंगराकडून येते, हर्सूलच्या तलावातून पुढे हिमायतबाग, मकाई गेट, पाणचक्की, बारापुल्ला आणि छावणी असे शहराचे सगळे जुने अंग वळसा घालून ओलांडते आणि शेवटी गोदावरीला मिळते. शहर वसले ते हिच्यामुळे. पण दोन पिढ्यांना ती नदी म्हणून ठाऊकच नव्हती. पुलावरून जाताना नाक दाबायचे, एवढाच तिचा संबंध. घराघरातले सांडपाणी तिच्यात, बांधकामाचा मलबा तिच्यात, मेलेले जनावर तिच्यात.

नदीचे काम हाती घेण्याआधी शहराने कचऱ्याचा एक मोठा धडा घेतला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव आणि परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीसहून अधिक वर्षे सबंध शहराचा कचरा त्यांच्या शिवारात पडत होता, विहिरींचे पाणी बिघडले होते. त्यांचा संताप रास्त होता. शहरात गल्लोगल्ली कचऱ्याचे ढीग लागले. ७ मार्चला मिटमिट्याला कचरा न्यायचा प्रयत्न झाला तेव्हा दगडफेक आणि लाठीमार झाला, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. त्यानंतर ओला-सुका वेगळा करणे, घंटागाडी दारापर्यंत नेणे, चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रे उभारणे ही कामे नाइलाजाने का होईना, सुरू झाली. त्या धड्याशिवाय खाम स्वच्छ करण्याचा विचारही करता आला नसता, कारण नदीतला कचरा हा वस्तीत न उचललेला कचरा असतो.

२०२१ च्या सुरुवातीला महापालिका, स्मार्ट सिटी, छावणी परिषद, इथलाच व्हेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही पर्यावरणात काम करणारी संस्था यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. तेव्हा आयुक्त होते आस्तिककुमार पांडेय. एकदम सगळी नदी धरण्याऐवजी लोखंडी पुलाजवळचा छोटा पट्टा घेतला. आधी गाळ आणि मलबा काढला, काठाचे उतार नीट केले, झाडे लावली, चालायला वाट केली. सुटीच्या दिवशी श्रमदानाला शहरातली माणसे येऊ लागली. महापालिकेचे सफाई कामगार तर रोज होतेच, आणि या कामाचा खरा भार त्यांच्याच पाठीवर होता. काठावरच्या वस्त्यांत घरोघर जाऊन कचरा कुठे टाकता, का टाकता, गाडी किती वाजता येते हे विचारले गेले. गाडी सकाळी येते आणि घरातली दोन्ही माणसे पहाटेच कामाला जातात, असे एखादे साधे कारण असते. वेळ बदलली की नदीत येणारी पिशवी थांबते.

लोखंडी पुलाजवळ आज इको पार्क आहे. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसे बसलेली असतात, मुले सायकली फिरवतात. हे चित्र दिसू लागल्यावर जागेबद्दलची भीती कमी होते. जिथे दिवेलागणीनंतर कोणी पाऊल टाकत नसे तिथे बायका फिरायला येतात, आणि बायका येतात त्या जागी चहाची टपरी चालते, कणसे भाजणारा येतो. सुरक्षितता आणि धंदा यांची ही सांगड खाम नदीच्या काठावर जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल.

जगानेही याची दखल घेतली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटतर्फे शहरांसाठी दिल्या जाणाऱ्या रॉस सेंटर पुरस्काराच्या २०२३-२४ च्या अंतिम फेरीत खामचे काम पोहोचले. पुरस्कार गेला कोलंबियातल्या बारांकिया शहराला, मोडकळीला आलेल्या बागा पुन्हा उभ्या करण्याच्या उपक्रमासाठी. बागेत काय हवे हे तिथे आसपासच्या रहिवाशांना विचारून ठरले. खामचे काम अजून पुरे झालेले नाही. सांडपाणी सगळे अडवले गेलेले नाही, पावसाळ्यात नाले पुन्हा आपला माल आणतात. तरीही, एका पट्ट्यापासून सुरुवात करून तो राखायचा आणि मग पुढे सरकायचे, ही रीत शहराला इथे सापडली.

सुरक्षिततेचा विषय निघाला की हल्ली पहिला शब्द निघतो तो कॅमेऱ्याचा. स्मार्ट सिटीतून शहरात सातशेच्या आसपास कॅमेरे बसले, त्यांचे नियंत्रण कक्ष झाले. चोरीचा माग काढायला, अपघातानंतर गाडीचा नंबर शोधायला त्यांचा उपयोग होतो, यात वाद नाही. मे २०१८ मध्ये शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा या भागांत दंगल झाली, दोघांचे जीव गेले, दुकाने आणि वाहने जळाली. त्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे शेजारी शेजारी धंदा करणारी माणसे होती. अशा वेळी पोलिसांना डोळे हवेतच. पण कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. घडू न देण्याचे काम वेगळ्या गोष्टी करतात. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवले की रस्त्यावर रात्रीपर्यंत उघडी असणारी दुकाने, दारात बसणारी माणसे, सतत ये-जा करणारे पादचारी हेच रस्त्याचे खरे पहारेकरी. जुन्या शहरातल्या कोणालाही हे सांगायला पुस्तकाची गरज नाही. बुढ्ढी लेनमध्ये रात्री नान-खलियाच्या गाड्यांभोवती माणसे असतात तोवर ती गल्ली जागी असते.

शहर पोलिसांचे दामिनी पथक महाविद्यालये, बागा, बसथांबे इथे फिरते आणि मुलींना त्याचा आधार वाटतो. त्याच्या जोडीला बसथांब्यावरचा चालू दिवा, न तुटलेला फुटपाथ आणि वेळेवर येणारी बस हवी. शहरात सुरू झालेल्या स्मार्ट बसने वाळूज, चिकलठाणा, विद्यापीठ या मार्गांवर नोकरी-शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलींची सोय केली. महिलांच्या सुरक्षिततेचा हिशेब मांडताना बस त्यात धरलीच पाहिजे. रात्री शेवटची बस गेल्यावर सिडको बसस्थानकापासून घरापर्यंत रिक्षाचे भाडे परवडत नाही म्हणून नोकरी सोडणारी मुलगी गुन्ह्यांच्या आकडेवारीत कधीच येत नाही.

आणि रस्त्यावरचे मरण? बीड बायपासला शहराने मृत्यूचा सापळा हे नाव दिले होते. सातारा-देवळाईची वस्ती एका बाजूला, शाळा आणि बाजार दुसऱ्या बाजूला, मधून जड वाहनांची रांग. मग रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल झाले. रुंद रस्त्यावर गाडी वेगाने जाते, हेही तितकेच खरे. ओलांडण्याच्या जागा, सिग्नल, खालचा रस्ता आणि प्रकाश यांच्याशिवाय रुंदीकरण म्हणजे अर्धे काम.

याच प्रश्नाची सगळ्यांत कठोर परीक्षा जून २०२५ मध्ये आली. मुकुंदवाडीत एका तरुणाचा खून झाला. पाठोपाठ महापालिका आणि पोलिसांनी मुकुंदवाडी ते चिकलठाणा या जालना रोडच्या पट्ट्यातली बांधकामे पाडायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यांत बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा, हर्सूल अशा रस्त्यांवर ही मोहीम गेली. आयुक्त जी. श्रीकांत यांच्या कारकिर्दीत हजारो बांधकामे पडली. विकास आराखड्यातली रुंदी अनेक ठिकाणी प्रथमच मोकळी झाली. वाहतूक सुटेल, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल, हे खरेच आहे. पण त्या पट्ट्यात गॅरेज होते, पंक्चरचे दुकान होते, झेरॉक्स, हॉटेल, सलून होते. काहींकडे मालकीची कागदपत्रे होती, काहींनी वर्षानुवर्षे मालमत्ता कर भरला होता. रस्ता हवा हे मान्य करूनही, सामान हलवायला पुरेसा वेळ आणि ज्यांची जागा कायदेशीर होती त्यांना मोबदला, हे दोन्ही आधी व्हायला हवे होते. एका गुन्ह्याच्या संतापात सुरू झालेली मोहीम गुन्हेगार आणि गॅरेजवाला यांच्यात फरक करायला थांबत नाही.

हातगाडीवाल्यांसाठी तर कायदाच आहे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोदानसिंग खटल्यात रस्त्यावर धंदा करणे हा वाजवी बंधनांसह मिळणारा हक्क मानला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सांगितले की आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रे द्या, विक्री क्षेत्रे ठरवा आणि सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला उठवू नका. शहराच्या विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच, आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात अशी तरतूद आहे. २०२० मध्ये आलेल्या स्वनिधी योजनेत पहिले कर्ज सुरुवातीला दहा हजारांचे होते, ते फेडले की मोठे मिळते. कर्जाचा हप्ता भरायचा तर गाडी रोज एका ठरलेल्या जागी उभी राहिली पाहिजे. एका हाताने कर्ज आणि दुसऱ्या हाताने गाडी उचलून नेणे, याने बाजारही सुधारत नाही आणि रस्ताही.

मोकळ्या झालेल्या पट्टीचे पुढे काय करायचे, याचा क्रमही ठरलेला असायला हवा. आधी पावसाळी नाली, मग सलग फुटपाथ, मग दिवे आणि झाडे, आणि त्यातच आखलेले विक्रेत्यांचे ओटे व दुचाकींची जागा. हा क्रम चुकला की रिकाम्या जागेवर चारचाक्या लागतात आणि वर्षभरात पत्र्याची शेड परत येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या महिला गटाची बैठक इथे झाली तेव्हा भिंती रंगल्या, दुभाजकांवर झाडे आली, दरवाजे दिव्यांनी उजळले. कटकट गेट, बारापुल्ला यांसारख्या दरवाजांची डागडुजी झाल्याने शहराचे रूप नक्कीच खुलले. पण त्यानंतर ज्या झाडांना पाणी मिळाले नाही ती वाळली. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येण्याचे दिवस लोकांनी काढले, तिथे दुभाजकावरच्या झाडाला पाणी कोणी घालायचे, हे लावण्याआधीच ठरवावे लागते.

महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. वर लिहिलेले बरेच काही, चांगले आणि वाईट, त्याच काळात घडले. निर्णय लवकर झाले, पण मुकुंदवाडीतल्या दुकानदाराला आपले म्हणणे मांडायला वॉर्डात कोणी नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले आणि ११५ नगरसेवक निवडून आले. आपल्या प्रभागातल्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण कुठवर आले, रुंद केलेल्या रस्त्याचा फुटपाथ कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आहे, खाम नदीच्या पुढच्या पट्ट्याला किती तरतूद आहे, हे तीन प्रश्न आता प्रभागातला कोणताही रहिवासी त्यांना नाव घेऊन विचारू शकतो.